सुट्टीचं घर किती लांब असावं? वाचकांचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की आम्ही आमचं पहिलं सुट्टीचं घर विकलं आणि मग त्याच्या निम्म्या आकाराचं दुसरं घेतलं. त्या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की हा अख्खा भाग त्याच विषयाला देतेय. काही पत्रं जागेअभावी कापलीत, राग मानू नका.

प्रश्न: ताई, आम्ही दोघंही नोकरी करतो, मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहा. दोन घरं बघून आलोय. एक दीड तासावर आहे, दोनच खोल्या आणि पुढे थोडीशी मोकळी जागा. दुसरं चार तासावर, तीन बेडरूम, मोठी बाग, आणि किंमत पहिल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी. नवरा म्हणतो एवढं मोठं घर एवढ्या पैशात पुन्हा मिळायचं नाही. मला मात्र कळत नाहीये, काय करू?

उत्तर: दीड तासावरचं घ्या. आता का ते सांगते, जरा लांबलचक होईल पण हे एकदा नीट समजलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात.

आमचं पहिलं घर चार तासावरच होतं. घर सुंदर होतं, आजही आठवलं की वाईट वाटतं. घेतलं तेव्हा आम्ही ठरवलं होतं की महिन्यातून दोनदा जायचं. पहिल्या वर्षी गेलो, दुसऱ्या वर्षी मुलाचे क्लास सुरू झाले, मग शनिवारी कुणाचा तरी वाढदिवस, मग ह्यांची मीटिंग, आणि चौथ्या वर्षी मी डायरी काढून मोजलं तर वर्षभरात त्या घरात आम्ही फक्त ११ रात्री झोपलो होतो. अकरा! कारण काय तर चार तासाच्या घराला एका रात्रीसाठी जाता येत नाही. तिथे जायचं म्हणजे शुक्रवार संध्याकाळ, शनिवार, रविवार असं सगळं सलग मोकळं लागतं, घरातल्या चौघांचंही, आणि मुलं मोठी होत जातात तसं असं मोकळं सापडणं कमी कमी होत जातं. दीड तासावरच्या घराला शनिवारी दुपारी मुलीचा क्लास संपल्यावर निघून रविवारी संध्याकाळी परत येता येतं. हा सगळा फरक त्या एका रात्रीचा आहे.

आता पैशाचं बघू. घराची किंमत ही एकदाच द्यायची असते, पण घर महाग पडलं की स्वस्त हे ठरतं एका रात्रीला किती पडलं यावरून. समजा जवळच्या घराची किंमत १०० धरली तर लांबच्याची ६५. त्यात अडकलेल्या पैशावर दुसरीकडे कुठेतरी वर्षाला ७ टक्के मिळाले असते असं धरा, म्हणजे जवळच्यावर ७ आणि लांबच्यावर साडेचार. वर त्यात कर, वीज, दुरुस्ती, विमा, लक्ष ठेवणाऱ्याचा पगार. छोट्या घराला हे अडीच धरू, मोठ्या घराला मोठी बाग मोठं छप्पर म्हणून तीन. म्हणजे जवळचं घर वर्षाला साडेनऊ खातं आणि लांबचं साडेसात. इथपर्यंत तुमच्या नवऱ्याचं म्हणणं बरोबर वाटतं. आता रात्री मोजा. जवळच्या घरी वर्षाला ४५ रात्री सहज होतात, लांबच्या घरी मी १४ धरते, म्हणजे आमच्यापेक्षा जास्तच. भागाकार केला की लांबच्या घराची एक रात्र जवळच्या घराच्या अडीच पट महाग पडते, आणि यात पेट्रोल धरलेलंच नाही. माझे आकडे घेऊ नका, तुमचे टाका, पण रात्रींचा आकडा टाकताना स्वतःशी प्रामाणिक रहा. मागच्या एका वर्षाचं कॅलेंडर काढा आणि कुठले शनिवार-रविवार खरंच चौघांचेही मोकळे होते त्यावर खुणा करा, हा एक तासाचा उद्योग आहे आणि यावरून जे कळतं ते कुठलाही एजंट सांगणार नाही.

हे काही आजचं शहाणपण नाही. साधारण १९०० वर्षांपूर्वी रोममध्ये धाकटा प्लिनी नावाचा वकील आणि सरकारी अधिकारी होता, त्याने मित्राला पत्र लिहून आपल्या समुद्रकाठच्या घराचं वर्णन केलंय, आणि सुरुवातीलाच काय सांगतो तर घर शहरापासून १७ रोमन मैलांवर आहे, म्हणजे आपल्या हिशोबाने साधारण २५ किलोमीटर, त्यामुळे दिवसाचं काम उरकून तिथे मुक्कामाला जाता येतं. रस्त्याचा काही भाग वाळूचा आहे, गाडीला जड जातो पण घोड्यावरून लवकर होतो हेही सांगतो, आणि वाहतं पाणी नाही पण विहिरी आहेत हेही. अंतर, रस्ता, पाणी. मला ते वाचलं तेव्हा फार आपलंसं वाटलं.

अजून एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. लांबच्या घराला लोक शुक्रवारी रात्री निघतात. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला गाडी चालवत असेल तर तो १७ तास जागा असतो, आणि १९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड या दोन संशोधकांनी दाखवलं होतं की १७ तास जागं राहिलेल्याची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी खालावते. कितीतरी देशांत तेवढ्यावर गाडी चालवणं गुन्हा आहे. मागच्या सीटवर दोन मुलं झोपलेली असतात हो. चार तासाचं घर घेतलंच तर शनिवारी पहाटे उजाडल्यावर निघायचं आणि दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबायचं हा नियम घरात लावून घ्या.

आणि एजंट म्हणतो ते "दीड तास" स्वतः मोजा. मंगळवारी सकाळी अकराला नाही, शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला तुमच्या दारातून निघून मोजा, आणि येतानाचं रविवारी संध्याकाळी. एकदा नाही, तीन वेगवेगळ्या आठवड्यांत. दीडचे अडीच झाले तर तो अडीच तासाचाच पल्ला आहे असं समजून पुढचा हिशोब करा.

प्रश्न: दोन खोल्यांच्या घरात माणसं मावतील का? माझ्या बहिणी, त्यांची मुलं, सगळे मिळून आम्ही अकरा जण होतो. मोठंच घर घ्यावं असं सासूबाईंचं म्हणणं.

उत्तर: अकरा जण वर्षातून किती वेळा एकत्र येता? दोनदा? मग त्या दोन वेळांसाठी जवळच एखादी खोली भाड्याने घ्या, उरलेल्या पन्नास आठवड्यांचं छप्पर, फरशी, रंग कशाला सांभाळायचा. ल कॉर्ब्युझिए या मोठ्या वास्तुविशारदाने स्वतःसाठी भूमध्य समुद्राच्या काठी सुट्टीची केबिन बांधली होती, १९५२ मध्ये पूर्ण झाली, ३.६६ मीटर बाय ३.६६ मीटर, म्हणजे आपल्याकडच्या एका बऱ्यापैकी बेडरूमएवढी. स्वयंपाकघरच नाही, शेजारच्या खानावळीत जायला मधून दार होतं. जगभर मोठमोठ्या इमारती उभ्या करणारा माणूस तिथे वर्षानुवर्षं उन्हाळा काढायचा. ती केबिन २०१६ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. सासूबाईंना हे जरूर सांगा, आणि हेही सांगा की मोठ्या घरात पोचल्यावर पहिला अर्धा दिवस झाडण्यात जातो आणि ते झाडणं बहुतेक वेळा घरातल्या बायकांच्याच वाट्याला येतं. बाहेर पत्र्याची का होईना मोठी पडवी असेल तर अकरा माणसं दोन खोल्यांच्या घरात आनंदाने राहतात, मी बघितलंय.

प्रश्न: नमस्कार, माझा प्लॅन असा आहे की कर्ज काढून घर घ्यायचं आणि आपण नसताना भाड्याने द्यायचं, त्या भाड्यातून हप्ता निघेल. ऑफिसमधले दोघे तिघे असंच करतायत. तुमचं मत?

उत्तर: भाड्याने हातभार लागतो, हप्ता निघत नाही. निदान तुम्ही स्वतः ते घर वापरणार असाल तर नाही.

बघा, १०० चं घर, त्यात ७० कर्ज, २० वर्षं, ९ टक्के व्याज. दर १०० च्या कर्जाला महिन्याचा हप्ता ०.९ बसतो, म्हणजे २० वर्षांत १०० चे जवळपास २१६ फेडायचे. तुमचं ७० चं कर्ज वर्षाला साडेसात मागणार. आता भाडं. वर्षात ५२ वीकेंड, शुक्रवार-शनिवार धरून १०४ रात्री. मधल्या वारी अशा घरात फारसं कुणी येत नाही. या १०४ पैकी निम्म्या भरल्या तर नव्याच माणसाच्या मानाने ते चांगलंच म्हणायचं. एका रात्रीचं भाडं घराच्या किमतीचा हजारावा भाग धरला तर ५२ रात्रींचे ५.२ येतात, त्यातून साफसफाई, चादरी धुणं, वीज, वेबसाइटचं कमिशन, फुटलेली काच, हे सगळं मिळून एक तृतीयांश गेलं की हातात साडेतीन. हप्ता साडेसात. म्हणजे अर्ध्यालाही पोचलो नाही, आणि कर, दुरुस्ती वेगळीच.

त्यात खरी मेख अशी की भाडं सगळ्यात जास्त ज्या दिवशी मिळतं त्याच दिवशी तुम्हालाही जायचं असतं. शाळेला सुट्टी, हवा छान, सलग तीन दिवस रजा. ते दिवस पाहुण्यांना दिले तर मुलं विचारतात आपलं घर असून आपण का नाही जायचं, आणि स्वतः गेलात तर वर्षाची निम्मी कमाई गेली. हे आधी ठरवून घ्या, नंतर ठरवायला गेलात की दर वेळी घरात कुरबुर होते.

घेण्याआधी एक करा. त्याच भागातली सध्या भाड्याने मिळणारी आठ-दहा घरं ऑनलाइन बघा आणि मंदीच्या महिन्यातल्या त्यांच्या तारखा तपासा. किती रिकाम्या दिसतात ते वहीत लिहा, दर सोमवारी, सलग दोन महिने. ऑफिसातले दोघे तिघे भरलेले वीकेंड सांगतात, रिकामे सांगत नाहीत. आणि तिथल्या स्थानिक नियमांत, सोसायटीच्या नियमांत थोड्या दिवसांचं भाडं चालतं का हे लेखी बघा, कारण बऱ्याच ठिकाणी हल्ली यावर परवाने आणि दिवसांच्या मर्यादा आल्यात. विमा कंपनीलाही सांगावं लागतं. भाड्याच्या पाहुण्याच्या हातून आग लागली आणि पॉलिसीत फक्त स्वतःचा वापर लिहिलेला असेल तर क्लेम अडकतो.

माझा नियम सांगू का? भाड्याचा एक पैसाही धरला नाही तरी हप्ता झेपतोय का? झेपत असेल तर घ्या आणि भाडं आलं तर त्यातून छप्पर दुरुस्त करा.

प्रश्न: आम्ही तिघं भावंडं मिळून घ्यायचा विचार करतोय, एकेकट्याला परवडत नाही. आई म्हणते भावंडांत कागद कशाला करायचे, शोभत नाही. तुम्ही काय म्हणाल?

उत्तर: आईंचा मान ठेवून म्हणते, भावंडांतच कागद करायचे. परक्याशी बिनसलं तर व्यवहार तुटतो, भावाशी बिनसलं तर घरातलं लग्न-बारसं सगळं अवघड होऊन बसतं.

तिघांनी घेणं ही कल्पना मला खूप आवडते, खरं तर परवडणारं सुट्टीचं घर म्हटलं की मला पहिल्यांदा हेच सुचतं, कारण रिकामं पडून राहणारं घर तिघांत वाटलं की ते रिकामं रहातच नाही आणि खर्च तिसरा हिस्सा होतो. माझ्या परिचयातल्या एका कुटुंबात हे बरीच वर्षं चाललंय, आणि का चाललंय तर त्यांनी सुरुवातीलाच एका पानावर पाच-सहा गोष्टी लिहून सह्या केल्या. मोठ्या सुट्ट्या आळीपाळीने, यंदा थोरल्याची तर पुढच्या वर्षी मधलीची, कुणी मागून बदलून घेतली तर चालेल पण हक्क ठरलेला. दर महिन्याला तिघांनी सारखी रक्कम एका वेगळ्या खात्यात टाकायची, कोण किती वेळा गेलं ते न बघता. ठराविक रकमेच्या आतला खर्च जो तिथे असेल त्याने विचारल्याशिवाय करायचा, वरचा दोघांची संमती घेऊन. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्यावर कुणाला बोलायला नको वाटतं, बाहेर कसं पडायचं. एकाला पैसे हवे असतील तर किंमत कोण काढणार, बाकीच्या दोघांना आधी विचारायचं का, पैसे द्यायला किती महिने, आणि तिघांपैकी कुणी गेलं तर त्याचा वाटा कुणाकडे. हे वकिलाकडून नीट करून घ्या आणि मालकीच्या कागदावर तिघांचीही नावं वाट्यासकट येऊ द्या. एकाच्या नावावर घर आणि बाकीच्यांचा तोंडी वाटा, असं अजिबात करू नका.

एक छोटी गोष्ट पण भांडणं तिथूनच सुरू होतात: प्रत्येकाला कुलूप लागणारं एकेक कपाट हवं.

प्रश्न: घर बघायला गेल्यावर नेमकं काय काय बघायचं? आम्ही गेलो की व्ह्यू बघूनच हरखून जातो.

उत्तर: मग व्ह्यूकडे पाठ करून उभे रहा, खरंच सांगते. व्ह्यू कुठे जात नाही, तो शेवटी बघा.

आधी पाणी. कुठून येतं, किती वेळ येतं, आणि वर्षातल्या सगळ्यात कोरड्या महिन्यात काय होतं. हे विकणाऱ्याला नका विचारू, शेजारच्या चार घरी जाऊन विचारा. सगळे नळ एकाच वेळी दहा मिनिटं चालू ठेवा, धार कमी होते का, रंग येतो का बघा, बोअर असेल तर पाणी तपासून घ्या. मग सांडपाणी. शहराबाहेर बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असतो आणि तो साधारण ३ ते ५ वर्षांनी उपसावा लागतो, शेवटचा कधी उपसला ते विचारा, उत्तर देताना माणूस अडखळला की समजून जा. टाकीवरची माती भर उन्हाळ्यातही ओली असेल किंवा तेवढंच गवत जास्त हिरवं असेल तर गडबड आहे.

मग ओल. नवीन रंग दिलेलं घर मला जास्त संशयास्पद वाटतं. कपाटं उघडून आत नाक घाला, भिंतीचा जमिनीलगतचा वीतभर भाग हाताने चाचपा, सिंकखाली बघा, छताच्या कोपऱ्यात बघा. लाकडी चौकटीवर चावीने टकटक करा, पोकळ वाजलं तर वाळवी आत शिरलेली असू शकते.

आम्ही दुसरं घर घेतलं तेव्हा भर पावसात गेलो होतो मुद्दाम, गाडी शेवटच्या वळणावर चिखलात रुतली आणि ढकलत काढावी लागली. तरी घेतलं, पण तो रस्ता कुणाचा, त्यावरून जायचा आपला हक्क कागदावर आहे का, दुरुस्ती कोण करणार हे सगळं आधी लिहून घेतलं. दुसऱ्याच्या जमिनीतून जाणारी वाट तोंडी परवानगीवर असेल तर तो माणूस आहे तोवर ठीक, जमीन विकली गेली की नवीन मालक कुंपण घालतो.

नदीकाठी किंवा सखल जागी घर असेल तर "शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर" या शब्दांनी फसू नका. त्याचा अर्थ दर वर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षं घर ठेवलं तर त्या काळात एकदा तरी पाणी शिरायची शक्यता २६ टक्के होते, म्हणजे चारात एक. शेजाऱ्यांना विचारा की पाणी कुठपर्यंत आलं होतं, लोक भिंतीवर बोट ठेवून दाखवतात.

डोंगरातलं घर उन्हाळ्यात सुखाचं असतं, दर १००० मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी कमी होतं, पण उतारावर घर असेल तर मागची आधारभिंत नीट बघा. तिला फुगवटा आलाय का, आडव्या भेगा आहेत का, उतारावरचे खांब किंवा झाडं एका बाजूला कललीत का. या खुणा दिसल्या तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. समुद्राजवळ वेगळं दुखणं, खारी हवा. त्यातला क्षार काँक्रीटमधून आतल्या सळ्यांपर्यंत पोचतो, सळी गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि काँक्रीटला आतून फोडतो. खांबावर उभी लांब भेग आणि तपकिरी डाग म्हणजे हेच. तिथे बिजागऱ्या, स्क्रू, कड्या ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसच्या असल्या तरी डाग पडतात, ३१६ घ्या, त्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून ते मीठ जास्त सोसतं. म्हणून समुद्रकाठचं घर त्याच किमतीचं असलं तरी दुरुस्तीचा आकडा जास्त धरा.

आणि हे सगळं झाल्यावरही लगेच घेऊ नका. त्याच भागात दोनदा भाड्याने राहून या, एकदा तुम्हाला तिथली हवा सगळ्यात नकोशी वाटते त्या मोसमात. त्या दिवसांतही घरात बसून बरं वाटलं तर जागा तुमची आहे.

प्रश्न: महिन्याभराने गेलं की घराला कुबट वास येतो, गाद्या दमट लागतात. काय करावं?

उत्तर: बंद घरात हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर रेंगाळली की बुरशीला फावतं. एक साधा आर्द्रतामापक आणून भिंतीला लावा, म्हणजे अंदाज नको. निघताना गाद्या भिंतीला उभ्या लावा, कपाटांची दारं उघडी ठेवा, फ्रिज बंद करून पुसून त्याचं दार फटीत काहीतरी अडकवून उघडं ठेवा, आणि समोरासमोरच्या दोन खिडक्यांना जाळीची झडप बसवून घ्या म्हणजे हवा फिरत राहील. शक्य असेल तर जवळच्या कुणालातरी पैसे देऊन आठवड्यातून एकदा घर उघडायला सांगा, त्याच्यासारखा उपाय नाही. विम्यासाठीही ते बरं, बऱ्याच पॉलिसीत घर सलग ३० किंवा ६० दिवस रिकामं राहिलं तर संरक्षण कमी होतं, तुमची नीट वाचा.

पाण्याची गोष्ट गांभीर्याने घ्या. पाइपात साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, ते पाण्याच्या बारीक तुषारांतून फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया करतात. १९७६ साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या संमेलनानंतर हा आजार पहिल्यांदा ओळखला गेला. म्हणून पोचल्यावर खिडक्या उघडा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून किंवा काढून ठेवून सगळं पाणी काही मिनिटं वाहू द्या, आणि गीझर ६० अंशांपर्यंत तापवून मगच आंघोळ करा, पाणी मिसळून घेऊन, नाहीतर भाजेल. निघताना मुख्य कॉक बंद. जिथे थंडीत पाणी गोठतं तिथे तर पाइप रिकामेच करून ठेवावे लागतात, गोठताना पाणी साधारण ९ टक्क्यांनी फुगतं आणि पाइप फोडतं, आणि बर्फ वितळल्यावर रिकाम्या घरात ते दिवसेंदिवस वाहत राहतं.

प्रश्न: बाबा ७४ वर्षांचे आहेत, त्यांच्यासाठीच घ्यायचंय. काही वेगळं बघू का?

उत्तर: हो. एकच मजला, गाडीपासून दारापर्यंत पायऱ्या नकोत, बाथरूममध्ये धरायला दांडा आणि झोपायच्या खोलीपासून बाथरूम चार पावलांवर. घराच्या आत उभं राहून फोन लावून बघा, अंगणात नाही, आत. रात्रीही उघडं असणारं हॉस्पिटल किती मिनिटांवर आहे ते गाडीने जाऊन मोजा, आणि तिथे इमर्जन्सीला डॉक्टर असतो का ते विचारा. थंडीत खोली गरम करायला कोळसा किंवा गॅस जाळत असाल तर खिडकी फटभर उघडी आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, त्या वायूला रंग नाही वास नाही. बाबांना बघायला बरोबर न्या. त्यांना आवडलं नाही तर ते बोलणार नाहीत, फक्त जायचं टाळत राहतील.

प्रश्न: ताई, हे सगळं वाचून वाटतं घेऊच नये की काय. पण मला फार हौस आहे. यांना अजिबात नाही. दर वर्षी याच विषयावर वाद होतो.

उत्तर: तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. हौस खोटी नसते, तिला हिशोबाने गप्प बसवू नये असं मला मनापासून वाटतं. पण ज्या घराला दोघांपैकी एकाची मनाई आहे ते घर आनंद देत नाही, आमच्या पहिल्या घराच्या शेवटच्या दोन वर्षांत मी हे अनुभवलंय, मी शुक्रवारी बॅगा भरायची आणि हे गप्प गप्प असायचे.

तुम्ही असं करून बघा. एकच जागा निवडा, दोन तासाच्या आतली, आणि एकच भाड्याचं घर. पुढचं वर्षभर दर सहा आठवड्यांनी तिथेच जा, दुसरीकडे कुठेही नाही. वर्षाला आठ-नऊ खेपा होतील, खर्च घर घेण्याच्या मानाने फार थोडा. त्याच मालकाशी ओळख वाढली की तो भाडंही कमी करतो, तुमच्या चार वस्तू ठेवायला जागाही देतो, आमचं दुसरं घर आम्हाला असंच सापडलं, ज्यांच्याकडे भाड्याने जायचो त्यांनीच शेजारचं विकायला निघालंय म्हणून आधी आम्हाला फोन केला. प्रत्येक खेपेनंतर एका वहीत दोघांनीही वेगवेगळं लिहा, पुन्हा यावंसं वाटतं का, हो किंवा नाही, एवढंच, आणि एकमेकांचं वाचू नका. वर्षाच्या शेवटी वही उघडा. त्यांचे हो चारच्या वर गेले असतील तर मला पुन्हा पत्र लिहा, मग आपण घरं बघायला लागू.